बोरमाळेचं वजन

करंजा
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

काट्यावर माळ ठेवली, तरी माझा हात तिच्यावरच होता. सोनार दोनदा म्हणाला, "काकू, हात काढा." काढला. आकडा तेहतीसवर थांबला. पुन्हा ठेवायला सांगितली. तेहतीस.

आईच्या चिठ्ठीवर एकेचाळीस ग्रॅम लिहिलं आहे. चिठ्ठी मी सोबत नेली होती. सोनाराने एक मणी नखाने दाबला. मणी चेपला. तो म्हणाला, "आतून रिकामे आहेत. कुणी उघडली होती का?" तो आणखी काही सांगणार होता. दुकानात आपल्या कोळीवाड्यातल्या दोघी बसल्या होत्या. मी माळ उचलली आणि पायऱ्या उतरले.

समृद्धी, आई गेली तेव्हा आपण दोघी बहिणीच तिच्याजवळ होतो. ती म्हणाली, बोरमाळ एकच आहे, मोडायची नाही. एक वर्ष एकीकडे, एक वर्ष दुसरीकडे. नारळी पौर्णिमेला अदलाबदल. गेलं वर्षभर ती तुझ्याकडे होती. यंदाच्या पौर्णिमेला तू ती माझ्या हातात दिलीस. मी तोलली नाही. बहिणीने दिलेली वस्तू तोलायची नसते. आता कुंदनचं लग्न आलं. सुनेच्या गळ्यात घालायची म्हणून नव्याने गाठवायला नेली. विहीणबाईंनी वजन विचारलं होतं. मी एकेचाळीस सांगून बसले आहे.

आठ ग्रॅम कुठे गेले?

फोन करू नकोस. फोनवर बोललेलं दुसऱ्या दिवशी नाही म्हणता येतं. कागदावर लिही. सोनाबाई बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी पनवेलला मासळी घेऊन येते, तुमच्या इमारतीत चढते. तिच्याकडे दे. तिला वाचता येत नाही.

गोदू


पनवेल
शुक्रवार, ७ नोव्हेंबर

गोदूताई,

तुझं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत होतं आणि पिशवी बोंबलांच्या खाली. गेटवर वॉचमनने सोनामावशीला विचारलं, "टोपलीत काय आहे?" ती म्हणाली, "बोंबील हाय न समन्स हाय." वर येऊन मला हे सांगताना ती खूप हसली. मी पत्र उघडल्यावर हसायची थांबली.

आठ ग्रॅम कुठे गेले, असं तू विचारतेस. पण पत्रभर लिहिलं आहेस ते, समृद्धी, आठ ग्रॅम कुठे नेलेस.

माळ वर्षभर माझ्या कपाटात होती. मी ती एकदाच घातली. आमच्या मजल्यावर देवेश राहतो, त्याने मे महिन्यात वास्तुशांत केली, तेव्हा. घरी आल्यावर डबीत ठेवली. बस.

आता मी विचारते. पौर्णिमेपासून माळ तुझ्या ट्रंकेत आहे. तीन महिने झाले. सप्टेंबरात भावोजींच्या बोटीला दुसरं इंजिन बसलं. आधीचं दोन वर्षं समुद्रात बंद पडत होतं आणि दोन वर्षं भावोजी म्हणत होते, बघू. इंजिन कुठून आलं, हे मी कुणाला विचारलं नाही. निकेशने विचारलं. मी म्हटलं, तो माझ्या बहिणीचा संसार आहे, तू जेव. माझ्या नवऱ्याला मी गप्प केलं. तुझ्या घरात माझ्याविषयी कुणी कुणाला गप्प केलं का?

हळदीला मी आदल्या दिवशीच येणार होते. आता विचारावं लागतंय. येऊ का?

समृद्धी


करंजा
रविवार, ९ नोव्हेंबर

समृद्धी,

इंजिन मोरा बंदरातल्या एका बोटीचं उतरवलेलं आहे. ह्यांनी त्या बदल्यात दोन जाळी दिली. ती जाळी मी गेल्या पावसाळ्यात ह्यांच्याबरोबर बसून विणली होती. माझ्या बोटांवर अजून दोऱ्याच्या खुणा आहेत. येशील तेव्हा बघ.

मला सोन्याची हौस नाही. साऱ्या कोळीवाड्याला माहीत आहे. दोन साड्या दोरीवर, एक अंगावर. लग्नाला जाते तेव्हाही गळ्यात मंगळसूत्र सोडून काही नसतं. बायका सुनांना सांगतात, गोदूकडून शिका. मी ऐकते आणि पुढे जाते. तुझं तसं नाही. जत्रेतली काचेची बांगडी हातात चढेना, तेव्हा तू साबण लावून चढवली होतीस. मनगट सुजलं. आई फोडायला आली तर पळून होडीत जाऊन बसलीस.

पौर्णिमेला तू माळ दिलीस तेव्हा ती चकचकीत होती. आईच्या गळ्यात ती कधीच तशी नव्हती. मळकट पिवळी होती, भिजवलेल्या डाळीसारखी. मी तेव्हाच पाहिलं. बोलले नाही.

काल गंगाबाईंना सांगितलं. थोरली जाऊ आहे. लग्नघरात तिच्यापासून किती दिवस झाकणार? तिच्या पोटात काही राहत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

आपल्या घरची रीत तू जाणतेस. नवऱ्या मुलाची हळद दळताना जात्याला पहिला हात मावशीचा. कुंदनला मावशी एकच आहे. हळद शनिवारी, एकोणतीस तारखेला सकाळी. खरं काय ते तू लिहून देईपर्यंत मी तुला जात्याजवळ बसू देणार नाही. गंगाबाईंच्या बहिणीला बसवीन.

गोदू


पनवेल
बुधवार, १२ नोव्हेंबर

ताई,

माळ मी पॉलिश करून घेतली होती. एवढंच.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी देवेशची बायको आमच्याकडे बसायला आली. मी उद्या काय घालणार ते दाखवलं. तिने माळ हातात घेतली आणि म्हणाली, "वन ग्राम ना? छान आहे. पण थोडी पितळी दिसते." मी म्हटलं, खरी आहे, आईची आहे. ती म्हणाली, "हो हो," आणि हसली.

तुला असं कुणी हसलेलं नाही. तुझ्या गळ्याकडे कुणी बघत नाही आणि न बघता तुझं कौतुक करतात. इथे सतराव्या मजल्यापर्यंत लिफ्टमध्ये बायका आधी गळा बघतात, मग तोंड. दुसऱ्या दिवशी दुपारी मी माळ चमकवून आणली. पहिल्या पत्रात लिहिलं नाही, कारण तू चोरीबद्दल विचारलं होतंस, पॉलिशबद्दल नाही.

गंगाबाईंना सांगायची काही गरज नव्हती. सोनामावशी आज मला म्हणाली, "तुमी दोगी बयनी कागदावं भांडता न वास माज्या बोंबलांना येतो." म्हणजे तिलाही माहीत आहे. तिला माहीत आहे म्हणजे बंदरावर मासळीच्या लिलावाला उभ्या असलेल्या सगळ्या बायकांना माहीत आहे.

बंदरावर मला चोर म्हणतात का? हो की नाही, एवढंच लिही.

समृद्धी


करंजा
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

हो. म्हणतात.

पहिल्या पत्रात, एकदा घातली, बस. दुसऱ्या पत्रात, पॉलिश केली, एवढंच. तिसऱ्यात काय येणार आहे?

कुठलं दुकान? माळ ठेवून आलीस की समोर बसून होतीस? किती वेळ? परत घेताना तोलून घेतलीस का?

तू विचारशील, ताईला एवढं का पडलंय, तिला तर हौस नाही. हौस नाही म्हणूनच. मला त्यातला एक मणीही नको आहे. पण आईने दिलेली वस्तू माझ्या हातात आली तेव्हा रिकामी होती की माझ्या हातात रिकामी झाली, हे लोकांना कळलं पाहिजे.

रविवारी सोनाबाई तुझ्या दारात येईल. तिच्याबरोबर उत्तर आलं नाही, तर मी समजायचं ते समजेन आणि करायचं ते करेन.

गोदू


पनवेल
रविवार, १६ नोव्हेंबर

ताई,

आता सगळं लिहिते.

दुकान म्हणजे बाजारातल्या एका बोळातली पॉलिशवाल्याची खोली. पाटी मी वाचली नाही. मोठ्या शोरूममध्ये जुनी माळ काढून दाखवायची मला लाज वाटली. मी समोरच बसले होते. त्याने माळ उकळत्या पाण्यात सोडली. पाणी तांबूस काळं झालं. मण्यांच्या भोकांतून चिकट काहीतरी बाहेर येत होतं. मला वाटलं, मळ आहे. आईच्या गळ्याचा, घामाचा, टोपल्या वाहिल्याचा इतक्या वर्षांचा मळ. त्या माणसासमोर मला त्याची शरम वाटली. तो म्हणाला, "मॅडम, आतला माल निघालाय. परत भरून देतो. दोन दिवस लागतील." आतला माल म्हणजे काय, ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. कार्यक्रम सात वाजता होता. मी म्हटलं, भरू बिरू नका, नुसती चमकवा. त्याने पुन्हा विचारलं. मी घड्याळ बघत होते.

तोलून घेतली नाही. हलकी झाली आहे, हे हाताला कळलं. मला ते बरं वाटलं. आधी ती मानेला टोचायची.

वास्तुशांतीत देवेशची बायको म्हणाली, "ही नवी का? ही छान आहे. कुठून मागवलीस?" तिला अजूनही ती खोटीच वाटत होती. आधी मळकी म्हणून खोटी, मग चमकते म्हणून खोटी. मी म्हटलं, आमच्याकडे अशा तीन आहेत, सगळ्या आईकडच्या.

चोरी मी केली नाही. तीन माळांचं ते खोटं मात्र मी बोलले.

काल निकेशच्या आत्यांना फोन करून विचारलं, जुन्या बोरमाळेच्या मण्यांत काय असतं. त्या म्हणाल्या, लाख. मणी पोकळच असतात, आत लाख भरतात म्हणून चेपत नाहीत. आठ ग्रॅम म्हणजे ती लाख, ताई. सोनं जिथल्या तिथे आहे. कुठल्याही म्हाताऱ्या सोनाराला विचार.

समृद्धी

बुधवार, १९ नोव्हेंबर

वरचं पत्र रविवारी सकाळीच लिहून झालं होतं. सोनामावशी आली तेव्हा देवेशची बायको आणि आणखी दोघी दारात उभ्या होत्या. मासळीच्या टोपलीत मी चिठ्ठी टाकते, हे त्यांच्यासमोर कसं करणार? मी मावशीला म्हटलं, "आज नको." ती म्हणाली, "मासली नको का कागूद नको?" मी दार लावलं. तीन दिवसांनी काय बिघडतं, असं वाटलं. आज देते.


करंजा
शुक्रवार, २१ नोव्हेंबर

समृद्धी,

पत्र मिळालं. सगळं वाचलं.

शनिवारी एकोणतीसला सकाळी सातपर्यंत ये. जात्याला पहिला हात तुझा.

माळेचं नंतर बोलू.

गोदू


पनवेल
रविवार, २३ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र मी निकेशला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "एवढ्या लवकर?" मी म्हटलं, तुला बहीण नाही, तुला नाही कळायचं.

मग भांडी घासताना मलाही तेच वाटायला लागलं. तू एवढं थोडं कधी लिहीत नाहीस. कुठलं दुकान, किती वेळ, कोण होतं, हे सगळं विचारणारी तू, आणि आता एक प्रश्न नाही. आज सोनामावशीला विचारलं, ताई बरी आहे ना? ती पापलेट कापत होती. म्हणाली, "मना काय इचारता? मी निस्ती टोपली." एरवी ती एका प्रश्नाला दहा उत्तरं देते.

असो. मी चांगलंच धरून चालते. इथे एक जुना कारागीर सापडला आहे. लाख भरून देतो म्हणाला, एका दिवसाचं काम. बुधवारी सोनामावशीबरोबर माळ पाठव. शुक्रवारपर्यंत भरून होईल आणि शनिवारी मीच घेऊन येईन. आईच्या गळ्यात जशी भरीव बसायची, तशी सुनेच्या गळ्यात बसेल.

पाठवशील ना? की माझ्या हातात द्यायचा भरवसा अजून नाही?

समृद्धी


करंजा
बुधवार, २६ नोव्हेंबर

समृद्धी,

माळ पाठवत नाही. माळ नाही.

सोळा तारखेला सोनाबाई रिकाम्या हाताने आली. म्हणाली, "तिनं दार लावला तोंडावं." मला तेवढं पुरलं. सोमवारी उरणला गेले. आधीच्या सोनाराकडे नाही, मागच्या आळीतल्या म्हाताऱ्याकडे. त्याला म्हटलं, यात सोनं किती ते मला पक्कं हवं. तो म्हणाला, "पक्कं हवं तर आटवावी लागेल. पण कशाला? मी तशीच सांगतो, बसा." मी म्हटलं, सांगू नका, आटवा. सांगणारे पुष्कळ झाले. त्याने मला दोनदा विचारलं. मग मणी मुशीत टाकले.

दोन-चार मण्यांत काहीतरी उरलं होतं. त्याचा धूर निघाला, जळक्या डिंकासारखा. म्हातारा म्हणाला, "ही लाख. आता घरात पूर्वीचं सांगणारं कुणी नसतं, म्हणून असं होतं. सोनं कुणी घेतलेलं नाही, काकू. एवढ्या मण्यांना एवढंच सोनं लागतं."

तेव्हा तुझं पत्र तुझ्या घरात लिहून ठेवलेलं होतं. माझ्याकडे ते बुधवारी आलं. मी तुझ्यावर ढकलत नाही. तू दार लावलंस, पण मूस मी मांडायला लावली. मला सोनं नको होतं, हे खरं आहे. मला बरोबर ठरायचं होतं.

एकवीस तारखेला हेच लिहायला बसले होते. चार ओळींनंतर हात पुढे गेला नाही.

तुकडा सुपारीपेक्षा लहान आहे. अर्धा तुझा. विहीणबाईंना मी सांगितलं की आमच्याकडे सोन्याचा देखावा नसतो, सुनेला माळ घालणार नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखी साधी माणसं आता राहिली कुठे!" 

आटवल्याचं ह्यांनाही ठाऊक नाही. सोनाबाईने मला त्या दुकानातून उतरताना पाहिलं. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

गोदू


पनवेल
शुक्रवार, २८ नोव्हेंबर

ताई,

आज सोनामावशी आली नाही. तुमच्या मांडवात कोळंबी सोलत बसली असेल. हे पत्र मी उद्या तुझ्या हातात देईन.

अर्धा तुकडा मला नको. तो बघायलाही नको. आधी वाटलं, उद्या येऊच नये. निकेश म्हणाला, "नाही गेलीस तर ते म्हणतात तेच खरं ठरेल." कधी नव्हे ते त्याचं पटलं.

आई गेली तेव्हा मी जेवढी रडले त्याहून बुधवारी जास्त रडले, हे तुला सांगायची लाज वाटते. माळेसाठी नाही म्हणणार होते. पण थोडं माळेसाठीही.

मला एकच गोष्ट हवी आहे. बंदरावर मला चोर म्हणतात. ते मला पुसता येणार नाही, माझं तिथे कोण ऐकतं? तुझं सगळे ऐकतात. उद्या मी जात्यावर बसण्याआधी सगळ्या बायकांसमोर सांग, समृद्धीने काही घेतलेलं नाही, माळ मी आटवली. दोनच वाक्यं आहेत. तू ती बोललीस तर मीही सोमवारी देवेशच्या बायकोकडे जाईन आणि सांगेन, आमच्याकडे तीन माळा नव्हत्या, एक होती, आणि ती माझी एकटीची नव्हती.

कागदावर उत्तर द्यायला आता वेळ नाही. तिथेच कळेल.

समृद्धी

(त्याच कागदाच्या मागे)
शनिवार, २९ नोव्हेंबर

सकाळी सातला पोचले. पत्र दिलं. ताईने ते चुलीपाशी उभ्याने वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं.

जात्याभोवती बायका जमल्या. ताई पुढे आली आणि म्हणाली, "समृद्धीने काही घेतलेलं नाही. माळ मी आटवली." दोन्ही वाक्यं, मी लिहिली होती तशीच. आवाज स्पष्ट होता.

गंगाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "गोदू, तू देवमानूस हायस," त्या म्हणाल्या. "बयनीचं पाप सोताच्या डोक्यावं घेतंस." बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. एकीने डोळे पुसले.

मी ताईकडे बघत होते. ताईने पदर सारखा केला. ती काही बोलली नाही.

सोनामावशी म्हणाली, "चला, हलद दला." मी खाली बसले आणि जात्याला पहिला हात लावला.